जुन्या मोटारीस जोडीचा रंग

साडीस पोलक्याचें कापड जुळवावयास निघालेली गृहिणी दुकानदारास “मोरपिशी द्या” एवढें सांगून कधींच थांबत नाहीं. ती साडी पिशवींत घालून बरोबर नेते, दुकानांतील दिव्याखालीं दोन्ही कापडें शेजारीं शेजारीं ठेवून पाहते, आणि तेवढ्यानें समाधान न झाल्यास दोन्ही उचलून दुकानाच्या पायरीवर, उघड्या उजेडांत येऊन उभी राहते. दुकानदार कितीही घाईंत असो, या परीक्षेपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. मोटारीचा रंग जुळविण्याची वेळ आली म्हणजे मात्र पुरुषमंडळी दुकानांत जाऊन “फिकट निळा” असें म्हणतात आणि डबा घेऊन घरीं परततात! या महिन्यांत आम्ही जो विषय घेतला आहे, त्याचें बरेंचसें मर्म या दोन रीतींमधील अंतरांत आहे.

विषय आमच्या घरांतूनच निघाला. येथें मानोऱ्यास आमच्या वाड्याच्या पडवींत १९८६ सालची एक प्रीमिअर पद्मिनी उभी असते. आमच्या थोरल्या काकांनीं ती नवी घेतली. तिच्या जुन्या कागदांवर जिल्हा अकोला असा आहे, कारण वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. तिचा पहिला प्रवास कारंज्यास, श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानीं, पूजेकरितां झाला. पुढें घरांतील तीन सुना तींतून माप ओलांडावयास आल्या आणि दोन बाळंतिणी अकोल्याच्या इस्पितळांतून तींतूनच घरीं परतल्या. काकांस जाऊन आतां चार वर्षें झालीं. गेल्या दिवाळीनंतर सोयाबीनचीं पोतीं भरून निघालेल्या एका ट्रॉलीचा कोपरा तिच्या डाव्या बाजूच्या मागल्या दारास घासला व दीड वीत लांबीचा ओरखडा थेट पत्र्यापर्यंत गेला. त्याच सुमारास माघांतील एका लग्नाची तिथि निघाली. पुण्याच्या पुतण्यांचें म्हणणें असें पडलें कीं, वरातीस गाडी शोभावयाची तर ती सबंध खरवडून नव्या झळझळीत रंगानें न्हाऊ घालावी. काकूंनीं मात्र एकच वाक्य सांगितलें: “जेवढ्याला लागलें आहे तेवढ्यालाच मलम लावा.” याचें कारण त्यांनीं बोलून दाखविलें नाहीं, परंतु तें सर्वांस ठाऊक होतें. चालकाच्या दाराच्या खिडकीखालीं काकांचें कोपर टेकून टेकून रंग झिजला आहे व खालचें तांबूस अस्तर वाटाण्याएवढें दिसतें. सबंध गाडी खरवडली असती तर तेंही गेलें असतें.

तेव्हां प्रश्न उरला तो एवढाच कीं, दीड वितीपुरता जुना निळा रंग आणावा कोठून?

ही गाडी महाराष्ट्राच्या उद्योगाची लेक. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत आरंभीं अमेरिकन गाड्यांची जुळणी होत असे. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळून फियाट ११०० तयार होऊं लागली. १९६४ सालीं तिचें डिलाइट हें रूप आलें, तेंच १९७० नंतरच्या दशकांत प्रथम प्रेसिडेंट व मग पद्मिनी या नांवानें ओळखलें गेलें, आणि २००० सालच्या सुमारास तें बनणें बंद झालें. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी टॅक्सी इतिहासजमा झाली. त्या टॅक्सीवाल्यांस आमचा हा प्रश्न कधीं पडला नसावा. काळा आणि पिवळा कोणत्याही दुकानांत तयार मिळे. घरगुती गाड्यांच्या निळ्या, हिरव्या व बदामी रंगांना मात्र आतां कोणी वाली उरला नाहीं. परदेशांतील बऱ्याच कारखान्यांनीं गाडीवरील पत्रींत रंगाचाही क्रमांक कोरून ठेविला. तो सांगितला कीं जुनी कृति शोधतां येते. आमच्या पद्मिनीच्या बॉनेटखालीं सांगाड्याचे नि इंजिनाचे आंकडे आहेत, रंगाविषयीं अक्षर नाहीं. मानोऱ्याच्या दुकानांत ट्रॅक्टरांचे तांबडे व निळे तेवढे तयार मिळतात. आणि ट्रॅक्टरचा निळा पद्मिनीस लावणें म्हणजे शालूस घोंगडीचें ठिगळ लावणें होय.

पुतण्यांपैकीं एकानें युक्ति काढली. त्यानें दाराचें छायाचित्र मोबाइलवर काढून एका मोठ्या शहरांतील दुकानदाराकडे धाडलें व आठ दिवसांत टपालानें एक छोटा डबा आला. झांकण उघडलें तेव्हां रंग अगदीं बरोबर वाटला. पोस्टकार्डाएवढ्या पत्र्यावर लावून वाळविला व दारास टेकवून धरला, तों तो जांभळटपणाकडे झुकलेला! दुकानदारास यांत दोष देतां येत नाहीं, कारण त्यानें जें पाहिलें तें दार नव्हतेंच. छायाचित्र घेणारें यंत्र प्रकाश कसला आहे याचा स्वतःच अंदाज बांधून रंग सुधारून घेतें, आणि पाहणाऱ्याचा पडदा पुन्हा स्वतःची पुस्ती जोडतो. दोन भाषांतरें होऊन आलेल्या निरोपावर विसंबून सोयरीक ठरवावी तसा हा प्रकार.

परंतु मूळ अडचण याहूनही खोल आहे. रंगांत मुख्य वस्तु तीन: रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा चिकट बंधक, आणि उडून जाणारा पातळ द्रव. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण वर्षानुवर्षें त्या बंधकाचे तुकडे पाडीत असतात. मग पृष्ठभागीं पूड मोकळी होते व बोट फिरविलें तर खडूसारखी भुकटी हातास लागते. हें सर्वत्र सारखें घडत नाहीं. टप व बॉनेट आकाशाकडे तोंड करून असतात म्हणून तीं अधिक उडतात, उभीं दारें कमी, आणि पडवींत ज्या बाजूस दुपारचें ऊन येतें ती बाजू दुसरीहून निराळी होते. आम्हीं मागल्या डिकीच्या कडेची रबरी पट्टी सोडवून पाहिली. तिच्याखालीं १९८६ सालचा निळा, जसा कुर्ल्याहून निघाला तसाच, गडद व तजेलदार असा राहिला होता. पट्टीबाहेर एका बोटावर तोच रंग जणूं दुसऱ्या घराण्यांतील वाटत होता.

मग जोडीचा रंग कोणाच्या जोडीचा? कारखान्याचा अस्सल डबा उद्यां दैवयोगानें कोठल्या तळघरांत सांपडला, तरी तो आमच्या दारावर ठिगळासारखाच दिसेल, कारण दार आज त्या रंगाचें राहिलेलेंच नाहीं. पुष्कळ हौशी मंडळी अस्सल रंगाचें नांव व कृति शोधण्यांत वर्षें घालवितात. सबंध गाडी रंगवावयाची असेल तर तो शोध योग्यच आहे. परंतु ओरखडा भरावयाचा असेल तर आमच्या मतें तो श्रम फुकट आहे. जुळवावयाचें तें गाडीच्या आजच्या वयाशीं, आणि तेंही ज्या दारास जखम आहे त्याच दाराशीं. त्याआधीं मात्र दाराचा तेवढा भाग साबणानें धुऊन रबिंग कंपाउंडानें हलक्या हातानें घासून घ्यावा. वरची मेलेली भुकटी हा गाडीचा रंग नव्हे. तिच्याशीं नवा रंग जुळविला तर पहिल्याच पॉलिशच्या वेळीं दोघांची फारकत व्हावयाची.

दिग्रसच्या रस्त्यावर ट्रक व ट्रॅक्टर रंगविणारे एक वयस्क कारागीर आहेत. त्यांना आम्हीं तो टपालाचा डबा दाखविला. त्यांनीं डब्याकडे पाहिलेंच नाहीं, दारावर ओलें फडकें फिरवून बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, “रंग डब्यांत नाहीं भेटत जी, गाडीवरच भेटते.” आम्हीं वर पानभर जें लिहिलें तें त्यांनीं एवढ्यांत सांगून टाकिलें. मग पांढऱ्या रंगांत निळा, त्यांत काडीच्या टोकावर बसेल इतका काळा, असें करीत ते पुढें गेले. शेवटीं त्यांनीं पिवळ्या मातीच्या छटेचा एक थेंब टाकला तेव्हां पुतणे चकित झाले, कारण निळ्यांत पिवळा म्हणजे हिरवा अशी शाळेंतील शिकवण! परंतु जुना बंधक वयानें पिवळसर होतो व त्याच्या आडून दिसणारा निळा किंचित् मळकट उबदार होतो. तेंच वय त्या थेंबानें नव्या रंगास चढविलें. कारागिराचें माप अर्थात् डोळ्यांत असतें. आम्हीं मात्र सोनाराकडे असतो तसला लहान काटा जवळ ठेवून प्रत्येक भर वजनानें टिपून घेतली, व ज्यांस हें काम पुन्हां लागण्याचा संभव आहे त्यांनींही तसेंच करावें.

ओला रंग व वाळलेला रंग यांत फरक पडतो. बहुतेक रंग वाळल्यावर थोडे गडद होतात. म्हणून प्रत्येक मिश्रण पत्र्याच्या पट्टीवर लावावें, पुरतें वाळूं द्यावें, आणि मग दारास चिकटवून धरून पाहावें. तें पाहणें सकाळीं सावलींत एकदां व उन्हांत एकदां व्हावें. रात्रीं ट्यूबलाइटखालीं होऊं नये. ज्या गृहिणी कापड घेऊन पायरीवर येतात त्यांना याचें कारण अनुभवानें ठाऊक असतें. दोन निळे निरनिराळ्या द्रव्यांपासून बनलेले असतील तर ते एका प्रकाशांत एकरूप दिसूं शकतात व दुसऱ्यांत वेगळे पडतात. कारण सूर्याच्या प्रकाशांत सातही रंग भरपूर असतात, तर दिव्याच्या प्रकाशांत कांहीं रंग अधिक, कांहीं उणे. डोळा फसतो असें म्हणण्यापेक्षां प्रकाश अपुरी साक्ष देतो असें म्हणावें. आमच्या तिसऱ्या पट्टीचा निकाल कोणी दिला म्हणाल तर धाकट्या सूनबाईंनीं. त्या अंगणांत आल्या, एक डोळा किंचित् मिटून पाहिलें व “पांढरा जरा जास्त” एवढें बोलून स्वयंपाकघरांत गेल्या. कारागीर हंसले व त्यांनीं मुकाट्यानें निळा वाढविला.

मोठ्या शहरांतील रंगाच्या दुकानांत आतां वर्णमापक यंत्रें असतात. यंत्र पृष्ठभागावर प्रकाश टाकतें, परत आलेल्या प्रकाशाचा प्रत्येक लहरीपुरता हिशेब करतें, आणि संगणक त्यावरून कृति सुचवितो. चमकीच्या रंगांत धातूचे कण निजलेले असल्यानें ते कोनाकोनानें पालटतात, म्हणून तेथें यंत्रास अनेक कोनांतून पाहावें लागतें. आमच्यासारख्या साध्या रंगास एक दृष्टिक्षेप बहुधा पुरतो. ज्यांस अकोल्यास किंवा नागपुरास जाण्याची सोय आहे त्यांनीं या यंत्राचा लाभ अवश्य घ्यावा, परंतु गाडी अथवा तिचा एखादा सुटा, सपाट, घासून स्वच्छ केलेला तुकडा बरोबर न्यावा. यंत्राची कृति ही पहिली पट्टी समजावी. पुढची दुरुस्ती उजेडांत डोळ्यांनींच करावयाची आहे.

रंगाची छटा जुळली तरी जात जुळली पाहिजे. आमच्याकडे सुतार व मोटारीचे रंगारी अजूनही फवाऱ्याच्या रंगास ‘ड्युको’ म्हणतात. हें नांव अमेरिकेंतील ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचें. १९२३ सालीं जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर तो प्रथम झळकला. त्यापूर्वीं मोटारीस कुंचल्यानें रोगणाचे हात देत व तीं पुटें वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डसाहेबांनीं तर १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली टी गाडी काळ्याखेरीज दुसऱ्या रंगांत दिलीच नाहीं. ड्युकोचा बंधक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस! आम्हां वऱ्हाडांतील लोकांनीं कापसाचे इतके अवतार पाहिले, पण मोटारीच्या तकाकींतही तोच आहे हें वाचून आम्हांस मौज वाटली. असो. व्यवहाराची गोष्ट अशी कीं, ड्युकोचें थिनर तीक्ष्ण असतें. तें जुन्या इनॅमलवर पडलें तर खालचा थर फुगून सुरकुततो. यासाठीं दाराच्या आंतील कडेस, कोणाच्या दृष्टीस न पडेल अशा जागीं, थिनरनें भिजलेली चिंधी घासून पाहावी. चिंधी झटकन् रंगली तर जुना रंग ड्युकोच्या जातीचा. थर सुरकुतला तर इनॅमल. कांहींच न झालें तर भट्टींत भाजलेला अथवा दोन द्रव मिसळून केलेला कठीण रंग. आमच्या चिंधीस कांहीं लागलें नाहीं, तेव्हां काम सोपें झालें.

ओरखडा भरणें हें शोभेचें काम आहे असें समजणारांनीं पत्र्याकडे पाहावें. दिवाळी ते पौष एवढ्या कोरड्या दिवसांतही आमच्या दाराच्या जखमेंत तपकिरी गंज धरला होता. गंज हा ज्या लोखंडापासून होतो त्याहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो आजूबाजूच्या धडधाकट रंगास खालून उचलीत जातो, आणि एका पावसाळ्यांत दीड वितीची जखम दोन विती होते. गंज पॉलिशपेपरनें चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा, गंजनाशक लावून पुसावें, अस्तराचा हात द्यावा, खोलगट असेल तेथें लांबी भरून पाण्यानें घासून सपाट करावें, आणि मगच रंग. लहानशा टवक्यास बारीक कुंचल्यानें थेंब थेंब भरलें म्हणजे काम होतें. ओरखडा लांब असेल तर मात्र कुंचल्याची रेघ जन्मभर दिसत राहते. आमच्या कारागिरांनीं ओरखड्यावर दाट व दाराच्या कडेकडे विरत जाणारा असा फवारा दिला आणि दाराच्या फटीपाशीं थांबले. यांतली खुबी अशी कीं, एकाच पत्र्यावर शेजारीं आलेला किंचित् फरकही डोळ्यास खुपतो, पण मध्यें फट असली कीं तोच फरक डोळा सोडून देतो.

ऋतूचाही विचार हवा. पावसाळी दमट हवेंत ड्युको मारला तर थिनर उडतांना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दंव धरतें व रंग पांढुरका पडतो. वैशाखांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढें गेला म्हणजे फवारा पत्र्यावर पोंचण्यापूर्वींच वाळूं लागतो व पृष्ठभाग खरखरीत होतो. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचे दिवस या कामास उत्तम. तेही अंगणांत, मुलेंबाळें व म्हातारीं माणसें दूर ठेवून, आणि स्वयंपाकघराच्या विस्तवापासून लांब. थिनरची वाफसुद्धां पेट घेते. दोन द्रव मिसळून करण्याच्या रंगांतील कठीणक द्रव्य श्वासावाटे गेल्यास दमा जडूं शकतो, म्हणून त्यांचा फवारा योग्य मुखवट्यावांचून कोणीं हातीं घेऊं नये. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आली. पण जुन्या मोटारींच्या पिवळ्या व हिरव्या रंगांत आणि अस्तरांत शिसें असण्याचा संभव असतो. तेव्हां जुना थर कोरडा घासून धूळ उडवूं नये; नेहमीं पाण्यानें घासावा व तो गाळ तुळशीच्या मोरींत सोडूं नये.

आतां पुतण्यांच्या पक्षाविषयीं. सबंध गाडी रंगविणें हें नेहमींच चूक, असें आम्ही म्हणत नाहीं. थराखालीं ठिकठिकाणीं फुगवटे आले असतील, टिचकी मारल्यास पत्रा भदभद वाजत असेल, तर ओरखडे झांकणें ही फसवणूक होय. तेथें खरवडून मुळापर्यंत गेलेंच पाहिजे. आम्हीं गाडी खालूनवरून तपासविली. उंबऱ्याच्या पत्र्याखालीं एक जागा सोडली तर ती निरोगी निघाली. शिवाय नोंदणीच्या पुस्तकांत गाडीचा रंग लिहिलेला असतो व तो पालटल्यास परिवहन कार्यालयास कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणीस न्यावी लागणाऱ्या गाडीमागें हें एक लचांड आणखी कशास? पन्नास वर्षांवरील व मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांकरितां २०२१ सालीं सरकारनें निराळ्या नोंदणीचे नियम केले आहेत. आमच्या पद्मिनीस ती ज्येष्ठता येण्यास २०३६ साल उजाडावें लागेल. पुतण्यांस हें शेवटचें कारण सर्वांत अधिक पटलें, असें आमच्या ध्यानांत आलें. काकूंचें न बोललेलें कारण त्यांच्यापुढें मांडण्याची वेळच आली नाहीं.

काम दोन दिवसांत झालें. तिसऱ्या दिवशीं, रंग पुरता कठीण झाल्यावर, चालकाचें दार सोडून बाकी गाडीस हलकें पॉलिश करविलें. ज्यास ओरखड्याची जागा ठाऊक आहे त्यास दुपारच्या तिरप्या उन्हांत, अगदीं खालीं वाकून पाहिल्यास, ती सांपडते. वरातींत ती कोणास सांपडली नाहीं.

उरलेला रंग पाव लिटर भरला. अर्ध्या डब्यांत हवा राहून वर साय धरते, म्हणून तो लहान काचेच्या बाटल्यांत अगदीं तोंडापर्यंत भरून, झांकणें घट्ट लावून ठेविला. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि कोणत्या दाराशीं जुळविला तें लिहिलें, कारण टपाचा निळा याहून निराळा आहे व पुढेंमागें त्यास वेगळी पट्टी करावी लागेल. पांढरा, निळा, काळा व तो पिवळा थेंब यांचीं वजनें, चुकलेल्या दोन पट्ट्यांच्या वजनांसह, घराच्या जमाखर्चाच्या वहीच्या मागल्या पानावर उतरविलीं. बाटल्या देवघराच्या कोनाड्यांत ठेवण्याचा एका पुतण्याचा विचार होता, पण समईच्या शेजारीं थिनर नको म्हणून त्या आतां पडवीच्या फडताळांत, गाडीच्या चाव्यांखालीं आहेत.